‘इतकी वर्षे लागली’ हे इंग्रजीत कसे सांगावे?
दीर्घ काळ व संथ गती व्यक्त करणाऱ्या वाक्यरचना : एक पाठ

स्मरणिकेत आठवणी पुष्कळ येतील, आपण एखादा पाठ द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली आणि ती आम्ही आनंदाने स्वीकारली. आम्ही पदवीने इतिहासाचे. परंतु खेड्यातील निवासी विद्यालयात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी राहिली की ते तास कोणाच्या तरी वाट्याला येतात, आणि ते अनेक वर्षे आमच्या वाट्याला आले. म्हणून विषय इंग्रजीचा निवडला आहे, उदाहरणे मात्र आपल्या इतिहासातील घेतली आहेत. पालकांनीही हा पाठ वाचावा, अशी विनंती आहे. इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत व प्रत्येकाचा अर्थ सोबत आहे.

विषय सुचला तो एका अर्जावरून. काही वर्षांपूर्वी आपला एक माजी विद्यार्थी रविवारी वसतिगृहावर आला. तो महाविद्यालयात शिकत होता आणि त्याची शिष्यवृत्ती अडकली होती. त्याने स्वतः इंग्रजीत अर्ज लिहून एका कार्यालयात नेला. त्यातील मुख्य वाक्य असे होते : ‘आय ॲम वेटिंग फॉर माय स्कॉलरशिप सिन्स टू इयर्स.’ खिडकीपलीकडच्या माणसाने ते वाक्य मोठ्याने वाचून शेजारच्याला ऐकवले. दोघे हसले. अर्ज पोच न देताच परत केला. मुलगा आम्हांस म्हणाला, “सर, चूक काय आहे ते मला कळलं नाही. पण ते हसले म्हणजे असणारच.”

अर्थ त्या माणसास पूर्ण कळला होता. चुकीने त्याला फक्त हसण्याची सोय करून दिली. आपल्या मुलांना कोणास ही सोय द्यावी लागू नये, एवढ्याच हेतूने हा पाठ लिहिला आहे.

१. एक ‘पासून’, दोन शब्द

मराठीत आपण ‘दोन वर्षांपासून’ म्हणतो आणि ‘जून महिन्यापासून’ही म्हणतो. ‘पासून’ एकच. इंग्रजी येथे दोन शब्द वापरते. काळाची लांबी सांगायची असेल तर ‘फॉर’ आणि काळाचा आरंभबिंदू सांगायचा असेल तर ‘सिन्स’. ‘फॉर टू इयर्स’ म्हणजे दोन वर्षे. ‘सिन्स जून’ म्हणजे जूनपासून. ‘सिन्स टू इयर्स’ ही चूक मराठी माणूस हमखास करतो, कारण तो मनातल्या ‘पासून’चे भाषांतर करीत असतो.

दुसरी चूक क्रियापदाची. मराठीत ‘मी वाट पाहत आहे’ हे आत्ताचेही असू शकते आणि दोन वर्षांचेही. इंग्रजीत ‘आय ॲम वेटिंग’ म्हणजे आत्ता या क्षणी थांबलो आहे. पूर्वी सुरू झालेले आणि अजून न संपलेले सांगायचे तर ‘हॅव बीन’ पाहिजे : ‘आय हॅव बीन वेटिंग फॉर टू इयर्स.’

दोन्ही रूपे बरोबर आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. ‘दोन वर्षे’ हे शब्द नुसते ऐकून घेता येतात. ‘सिन्स द ट्वेल्फ्थ ऑफ ऑगस्ट’ असे लिहिले की समोरच्याला नोंदवही उघडून ती तारीख पाहावी लागते. अर्ज लिहिताना शक्य तेथे ‘सिन्स’ वापरावे आणि त्यापुढे तारीख द्यावी, असे आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो.

‘सिन्स’ची आणखी एक रचना मराठीला अगदी जवळची आहे. ‘शाळा सोडून वीस वर्षे झाली’ हे आपण सहज बोलतो. इंग्रजीत : ‘इट हॅज बीन ट्वेन्टी इयर्स सिन्स आय लेफ्ट स्कूल.’ येथे ‘सिन्स’पुढे घडून गेलेली घटना येते, म्हणून ‘लेफ्ट’ हा भूतकाळ.

२. ‘लागणे’ : वेळ कोणाचा गेला?

एखादे काम व्हायला किती काळ लागला, हे सांगण्याची सर्वांत उपयोगी रचना म्हणजे ‘इट टुक’. मराठवाडा विद्यापीठाचे उदाहरण घेऊ. विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, हा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत २७ जुलै १९७८ रोजी संमत झाला. नाव प्रत्यक्ष दिले गेले १४ जानेवारी १९९४ रोजी. जवळजवळ सोळा वर्षे. इंग्रजीत : ‘इट टुक नियरली सिक्स्टीन इयर्स टु चेंज द नेम.’

हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण इतिहासाच्या शिक्षकास ते अपुरे वाटते. कारण ‘इट’ हा येथे नुसता जागा भरणारा शब्द आहे. त्याच्या मागे कोणी माणूस नाही. वाचणाऱ्यास वाटावे, नाव बदलायला सोळा वर्षे लागली, जसे आंब्याच्या झाडाला मोहोर यायला काही वर्षे लागतात. आता त्यात एकच शब्द घाला : ‘इट टुक अस नियरली सिक्स्टीन इयर्स.’ मराठीत ‘आम्हांला सोळा वर्षे लागली.’ आता ती वर्षे कोणाची होती ते दिसते. ती जाळलेल्या घरांतील लोकांची होती. १९७९ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेल्या लाँग मार्चमध्ये चाललेल्या पायांची होती. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांच्यासारख्या, प्राण गेला तरी माघार न घेणाऱ्या माणसांची होती.

ठराव झाला तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. नाव मिळाले त्या वर्षी एम.ए. झालो. आमच्या पेटीत दोन पदव्या आहेत. बी.ए.च्या कागदावर नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे, एम.ए.च्या कागदावर पूर्ण नाव आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचे विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्हा तिकडे जोडला गेला. त्यामुळे पोखर्णीच्या पुढच्या मुलांच्या पदव्यांवर तिसरेच नाव आले. वर्गात ‘इट टुक’ शिकवताना आम्ही ते दोन कागद मुलांच्या हाती देतो.

३. ‘साल उजाडावे लागले’

पुष्कळ काळानंतर एखादी गोष्ट घडली, हे सांगायला इंग्रजीत दोन चांगल्या रचना आहेत. पहिली ‘इट वॉज … बिफोर’. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे आणि एक दिवस. ‘इट वॉज ट्वेन्टी-वन इयर्स बिफोर ही टुक दीक्षा.’ विद्यार्थी याचे भाषांतर ‘एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी दीक्षा घेतली’ असे करतात. ते चूक. अर्थ असा : ‘त्यांनी दीक्षा घेतली तोवर एकवीस वर्षे गेली.’

ही एकवीस वर्षे आळसाची किंवा संभ्रमाची होती असे कोणी म्हणेल, तर त्यास इतिहास ठाऊक नाही. याच काळात राज्यघटनेचा मसुदा तयार झाला. याच काळात ते १९५० साली श्रीलंकेस व १९५४ साली ब्रह्मदेशास बौद्ध परिषदांसाठी गेले. बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील त्यांचा ग्रंथ याच काळात लिहिला गेला. विचारपूर्वक घेतलेल्या वेळास इंग्रजीत ‘टु टेक वन्स टाइम’ म्हणतात. ‘ही टुक हिज टाइम’ म्हणजे त्यांनी घाई केली नाही.

दुसरी रचना ‘नॉट अन्टिल’. मराठीत यासाठी फार सुंदर प्रयोग आहे : अमुक ‘साल उजाडावे लागले’. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व सहस्रावधी अनुयायांनी २० मार्च १९२७ रोजी प्राशन केले. तळे सर्वांसाठी खुले असल्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. पाणी ओंजळीत घ्यायला एक क्षण पुरला. तो हक्क न्यायालयात टिकायला १९३७ साल उजाडावे लागले. इंग्रजीत : ‘नॉट अन्टिल १९३७ डिड द हायकोर्ट अपहोल्ड द राइट.’ येथे ‘डिड’ हा शब्द कर्त्याच्या आधी येतो, जणू प्रश्न विचारत आहोत. एवढे ध्यानात ठेवले की ही रचना कधी चुकत नाही.

४. वाट पाहिली की ताटकळत ठेवले?

पोखर्णी नृसिंह स्थानकावर परळीच्या गाडीसाठी आपण सर्वांनी कधी ना कधी वेळ काढला आहे. आपणच तासभर आधी पोचलो तर ‘वी वेटेड फॉर ॲन अवर’, आम्ही तासभर वाट पाहिली. गाडीच उशिरा आली तर ‘वी वेअर केप्ट वेटिंग फॉर ॲन अवर’, आम्हांला तासभर ताटकळत ठेवले. घड्याळात तास तोच; पण पहिल्या वाक्यात उशीर कोणाचाच नाही, दुसऱ्यात आहे.

धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या समाजाच्या सवलतींचा प्रश्न आठवावा. महाराष्ट्र राज्याने आपल्या अधिकारातील सवलती पुढे चालू केल्या. परंतु केंद्राच्या अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षे. ‘द बुद्धिस्ट्स वेटेड फॉर थर्टी-फोर इयर्स’ असे लिहिले तर समाज सोशिक दिसतो. ‘द बुद्धिस्ट्स वेअर केप्ट वेटिंग फॉर थर्टी-फोर इयर्स’ असे लिहिले तर दुसऱ्या पक्षाचे अस्तित्व दिसू लागते. निबंधात कोणती रचना घ्यायची हे व्याकरण सांगत नाही, वस्तुस्थिती सांगते. म्हणून आधी वस्तुस्थिती पाहावी.

याच गटात आणखी दोन प्रयोग येतात. भिजत पडलेल्या घोंगड्याला इंग्रजीत ‘ड्रॅग ऑन’ म्हणतात : ‘द केस ड्रॅग्ड ऑन फॉर इयर्स’, खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. कोणी मुद्दाम चालढकल करीत असेल तर ‘पुट ऑफ’ : ‘दे कीप पुटिंग इट ऑफ’, ते पुढे ढकलतच राहतात.

‘अजून’ या शब्दाचीही इंग्रजीत दोन रूपे होतात. ‘द रिप्लाय हॅज नॉट कम यट’, उत्तर अजून आलेले नाही. ही साधी माहिती. ‘द रिप्लाय स्टिल हॅज नॉट कम’, अजूनही उत्तर नाही. यात तक्रार आहे. ‘यट’ बहुधा वाक्याच्या शेवटी आणि ‘स्टिल’ नकाराच्या आधी येतो. पहिल्या अर्जात ‘यट’ शोभतो. तिसऱ्या स्मरणपत्रात ‘स्टिल’ लिहिण्याचा अधिकार अर्जदारास मिळालेला असतो.

५. हळूहळू, वर्षानुवर्षे आणि शेवटी

थेंबे थेंबे तळे साचे, याला जवळचा इंग्रजी प्रयोग ‘लिटल बाय लिटल’. पायरीपायरीने म्हणजे ‘स्टेप बाय स्टेप’. गोगलगायीची गती इंग्रजांनाही ठाऊक आहे : ‘ॲट अ स्नेल्स पेस’. ‘जसजसे … तसतसे’ यासाठी ‘द मोअर … द मोअर’ : ‘द मोअर वी रीड, द मोअर वी आस्क’, जसजसे वाचतो तसतसे अधिक प्रश्न विचारतो.

दोन प्रयोग मात्र अगदी सारखे दिसतात व वेगळे बोलतात. ‘इयर बाय इयर’ म्हणजे वर्षागणिक थोडा थोडा बदल. ‘इयर आफ्टर इयर’ म्हणजे वर्षामागून वर्ष तेच ते. शाळेत येणाऱ्या मुलींची संख्या ‘इयर बाय इयर’ वाढते. रस्त्यासाठीचे निवेदन ‘इयर आफ्टर इयर’ दिले जाते. आपल्या समाजाची वाटचाल लिहिताना दोन्ही लागतात, फक्त त्यांची अदलाबदल होऊ नये.

आता ‘शेवटी’. मराठीतील या एका शब्दासाठी इंग्रजीत निदान चार पर्याय आहेत. फार काळ वाट पाहून हवे ते मिळाले, सुटकेचा श्वास टाकला, तर ‘ॲट लास्ट’ : ‘ॲट लास्ट द नेम वॉज चेंज्ड.’ पुष्कळ खटपटीनंतर निष्पत्ती काय झाली हे सांगायचे तर ‘इन द एन्ड’. मुद्दे मांडताना अखेरचा मुद्दा ‘लास्टली’. आणि ‘ॲट द एन्ड’ हे बहुधा कशाच्या तरी टोकाला असते : ‘ॲट द एन्ड ऑफ द मीटिंग’, सभेच्या शेवटी. मुले नामांतरासाठी ‘ॲट द एन्ड’ लिहितात. त्यांना आम्ही विचारतो, कशाच्या टोकाला?

राहिला ‘लाँग’. ‘हाऊ लाँग?’ हा प्रश्न बरोबर. परंतु साध्या होकारार्थी वाक्यात ‘आय वेटेड लाँग’ म्हणण्याची रीत नाही; ‘आय वेटेड फॉर अ लाँग टाइम’ म्हणावे. त्याहून चांगले म्हणजे ‘लाँग टाइम’ खोडून तेथे आकडा लिहावा.

६. वेळ फार लागला, या आरोपाला उत्तर

आकडा का लिहावा, याचा धडा बाबासाहेबांनीच घालून दिला आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी समारोपाचे भाषण केले. घटना करायला फार वेळ लावला आणि लोकांचा पैसा वाया घालवला, असा आरोप तेव्हा होत होता. भाषणाच्या आरंभीच त्यांनी हिशेब दिला : पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ची, तेव्हापासून २ वर्षे, ११ महिने, १७ दिवस. वर आपण पाहिलेली ‘इट … सिन्स’ हीच रचना तेथे त्यांनी योजली आहे. जिज्ञासूंनी मूळ भाषण काढून पाहावे.

पुढे त्यांनी तुलना केली. अमेरिकेची घटना चार महिन्यांच्या आत झाली. दक्षिण आफ्रिकेस एक वर्ष, कॅनडास २ वर्षे ५ महिने आणि ऑस्ट्रेलियास ९ वर्षे लागली. म्हणजे आपल्याला ऑस्ट्रेलियापेक्षा कमी, पण बाकी तिघांपेक्षा अधिक वेळ लागला. अमेरिका व दक्षिण आफ्रिकेपेक्षा अधिक वेळ लागला, हे त्यांनी लपविले नाही. मात्र काम किती होते, तेही मोजून दाखविले : अमेरिकेची ७ कलमे, ऑस्ट्रेलियाची १२८, कॅनडाची १४७, दक्षिण आफ्रिकेची १५३ आणि आपली ३९५. शिवाय सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेलेल्या २,४७३ दुरुस्त्या, ज्यांना तोंड देण्याची वेळ त्या देशांच्या घटनाकारांवर आली नव्हती.

या उत्तरात ‘खूप’, ‘अतिशय’, ‘कठीण’ अशा शब्दांवर त्यांनी भर दिला नाही. आरंभाची तारीख दिली, लांबी दिली, त्या काळात काय केले ते दिले आणि दुसऱ्यांशी ताडून दाखविले. आमच्या मते विलंबाविषयीचे कोणतेही वाक्य, मग ते दोष देणारे असो वा उत्तर देणारे, चार प्रश्नांची उत्तरे देणारे असावे : केव्हापासून? किती काळ? कोणाचा? आणि संपला की चालू आहे? इंग्रजीतील ‘सिन्स’, ‘फॉर’, ‘टुक अस’ आणि ‘हॅव बीन’ ही अनुक्रमे त्याच चार प्रश्नांची उत्तरे आहेत. नियम पाठ करण्यापेक्षा हे प्रश्न पाठ करावेत.

७. पुन्हा तो अर्ज

त्या रविवारी आम्ही त्या मुलास हेच चार प्रश्न विचारले. उत्तरे त्यानेच दिली, वाक्येही त्यानेच लिहिली. आम्ही फक्त ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ जागेवर बसविले. नवा अर्ज असा झाला : ‘आय अप्लाइड ऑन द ट्वेल्फ्थ ऑफ ऑगस्ट. इट हॅज बीन ट्वेन्टी-टू मन्थ्स सिन्स देन. आय हॅव बीन टु धिस ऑफिस सेव्हन टाइम्स. आय स्टिल हॅव नॉट रिसीव्हड अ रिप्लाय. आय हॅव बीन लिव्हिंग ऑन बॉरोड मनी सिन्स डिसेंबर.’ म्हणजे : मी बारा ऑगस्टला अर्ज केला. त्यास बावीस महिने झाले. मी या कार्यालयात सात वेळा आलो. मला अजूनही उत्तर नाही. डिसेंबरपासून मी उसन्या पैशांवर दिवस काढत आहे.

‘दोन वर्षे’ हे बावीस महिने निघाले, हेही सांगितले पाहिजे. आपला आकडा आपणच फुगविला की सगळा अर्ज फुगलेला ठरतो.

सोमवारी तो पुन्हा त्याच खिडकीवर गेला. त्या माणसाने अर्ज या वेळी मनातल्या मनात वाचला, नोंदवही काढली, शिक्का मारला आणि आवक क्रमांक घालून पोच दिली. पैसे तरीही लगेच आले नाहीत. आणखी पाच महिने गेले. व्याकरणाने तिजोरी उघडत नाही, हे आम्ही जाणतो. पण कोणी हसले नाही, आणि पुढच्या स्मरणपत्रात लिहायला त्याच्याजवळ एक क्रमांक होता.

स्वाध्याय

माजी विद्यार्थी व पालकांनी पुढील वाक्ये आपल्या स्वतःच्या आयुष्यातील खऱ्या माहितीने पूर्ण करावीत. पालकांस इंग्रजी येत नसल्यास मुलांकडून लिहवून घ्यावीत. माहिती मात्र पालकांनी सांगावी.

१. ‘इट हॅज बीन … इयर्स सिन्स आय लेफ्ट धिस स्कूल.’ (ही शाळा सोडून … वर्षे झाली.)

२. ‘नॉट अन्टिल … डिड एनीवन इन अवर फॅमिली गो टु कॉलेज.’ (आमच्या घरातून कोणी महाविद्यालयात जायला … साल उजाडावे लागले.)

३. ‘इट टुक माय मदर … टु …’ (माझ्या आईला … करायला … लागली.)

४. ‘लिटल बाय लिटल वी …’ (हळूहळू आम्ही …)

५. ‘वी आर स्टिल वेटिंग फॉर …’ (आम्ही अजूनही … ची वाट पाहत आहोत.)

उत्तरे विद्यालयाच्या पत्त्यावर पाठवावीत. ती तपासून परत पाठविण्यात येतील. त्यास थोडा वेळ लागेल. किती, ते पोच देतानाच तारखेसह कळवू.

जय भीम! नमो बुद्धाय!